नोंदणी नाकारली, हक्क नव्हे

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या कसालच्या तिठ्यावरून एक रस्ता मालवणकडे उतरतो. या भागात देवळाच्या आवारात रात्रभर दशावतार रंगतो. पेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ असते. प्रयोगाआधी रंगकाम करता करता मंडळी आख्यान ठरवतात, राजपार्ट कोणाचा, स्त्रीपार्ट कोणाचा, हे पक्के होते आणि पुढचे संवाद नट रंगमंचावरच रचतात. हाती संहिता नसते, तरी पहाटेपर्यंत प्रेक्षक जागचा हलत नाही.

अलीकडे या कलेत बदल झाला आहे. ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकांच्या जाहिराती लागतात, लेखक नवी आख्याने लिहून देतात, प्रयोगांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. एखादे नवे आख्यान गाजले की तसेच दुसरीकडे उभे राहते आणि मूळ लेखक विचारतो, माझे काय? कोणी सुचवतो, कॉपीराइट नोंदवून घे. अर्ज दिल्लीला जातो आणि काही महिन्यांनी नकाराचा आदेश येतो. बहुतेक जण इथेच हात टेकतात. कागद कपाटात जातो, मुदत निघून जाते.

खरे तर तो कागद नीट वाचायला हवा. नोंदणी नाकारणे आणि हक्क नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय नोंदणी नाकारली गेली तरी कायद्याने अपिलाचा दरवाजा उघडा ठेवला आहे. तो कधी ठोठावावा आणि काय घेऊन ठोठावावा, हे या प्रकरणात पाहू.

हक्क कधी जन्मतो?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. या कायद्यानुसार लेखन, चित्र, संगीत, नाटक निर्माण झाले त्याच क्षणी त्याचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी अर्ज, शिक्का, सही यांची गरज नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे तो टिकतो.

पूर्वी असे नव्हते. कंपनी सरकारच्या १८४७ च्या कायद्यात पुस्तक सरकारदफ्तरी नोंदवावे लागे आणि दाव्याचा आधार ती नोंदच असे. पुढे १८८६ च्या बर्न करारातून जगभर एक तत्त्व रुजले, की लेखकाचा हक्क सरकारी सोपस्कारावर अवलंबून ठेवू नये. स्वातंत्र्यानंतर १९५५ चे विधेयक आले तेव्हा नोंदणीशिवाय दावा चालणार नाही अशी तरतूद त्यात होती. संसदेच्या संयुक्त समितीने ती काढून टाकली. आज नोंदणी ऐच्छिक आहे ती त्या निर्णयामुळे.

तरीही यावर वाद झालेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१२ मधल्या एका निकालात नोंदणीशिवाय दावा चालत नाही असे म्हटले गेले आणि अनेक वर्षे प्रतिवादी तोच निकाल पुढे करत राहिले. ९ मार्च २०२१ रोजी ‘संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी’ या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हा प्रश्न मुळापासून तपासला. वाद होता खाद्यतेलाच्या पाकिटावरील लेबलचा. कॉपीराइटच्या दाव्यासाठी नोंदणी बंधनकारक नाही आणि २०१२ चा निकाल आधीचे बंधनकारक निकाल विचारात न घेता दिलेला आहे, असे त्यांनी सविस्तर कारणांसह नोंदवले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक लेखकाने, चित्रकाराने आणि छोट्या उद्योजकाने लक्षात ठेवावा असा हा निकाल आहे.

मग नोंदणी कशाला? पुराव्यासाठी. कलम ४८ प्रमाणे रजिस्टरमधली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा असतो. नोंद असेल तर तुमचा दावा खोटा आहे हे समोरच्याला दाखवावे लागते. नोंद नसेल तर हस्तलिखित, तारखा, साक्षीदार, ईमेल, छापखान्याची बिले असे सगळे तुम्हाला जमवावे लागते. नोंदणीचे मोल एवढे आहे. कमी नाही, पण याहून जास्तही नाही.

दिल्लीत काय घडते?

कॉपीराइट कार्यालय देशात एकच, दिल्लीच्या द्वारकेत. अर्ज ऑनलाइन करता येतो. कॉपीराइट नियम २०१३ मधील नमुना १४ भरायचा. नाटक, लेखन, संगीत किंवा साध्या चित्रासाठी शुल्क ५०० रुपये, तर मालावर वापरायच्या चित्रासाठी, म्हणजे लेबलसारख्या कामासाठी, २,००० रुपये. अर्ज दाखल झाला की डायरी नंबर मिळतो. त्या कृतीवर ज्यांचा दावा असू शकेल अशा प्रत्येकाला अर्जदारानेच नोटीस द्यायची असते. ३० दिवसांत हरकत आली नाही आणि अर्जातली माहिती बरोबर असल्याची रजिस्ट्रारची खात्री पटली, तर नोंद होते. हरकत आली किंवा खात्री पटली नाही, तर चौकशी होते आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कागदात उणीव असेल तर त्रुटीपत्र येते.

अर्जाला दोन तपशीलपत्रके जोडायची असतात. पहिल्यात कृतीचे नाव, भाषा, लेखक कोण, अर्जदाराचा तिच्यावर हक्क कशामुळे, ती प्रकाशित आहे का, असे रकाने असतात. दुसरे पत्रक लहान असले तरी अर्जाचे भवितव्य अनेकदा तिथेच ठरते. कृती स्वतंत्र आहे, की हक्क संपलेल्या कृतीचे भाषांतर किंवा रूपांतर आहे, की अजून हक्क शाबूत असलेल्या कृतीचे, हे त्यात सांगावे लागते.

आता आपला आख्यानकार हा रकाना कसा भरेल? त्याने अभिमन्यूवर नाटक लिहिले आहे. कथा महाभारतातली, तिच्यावर कोणाचा हक्क नाही. संवाद, पदे, प्रवेशांची रचना आणि दोन नवी पात्रे त्याची स्वतःची. उत्साहाच्या भरात त्याने ‘सर्वस्वी स्वतंत्र’ असे लिहिले, तर तपासणाऱ्याला शंका येणारच. कोणता भाग परंपरेचा आणि कोणता माझा, हे त्याने सरळ लिहिले तर अर्ज भक्कम होतो. इथे प्रामाणिकपणा नैतिकदृष्ट्या योग्य आहेच, शिवाय हिताचाही आहे. रजिस्टरमध्ये खोटी नोंद करणे किंवा करवणे हा कलम ६७ खाली गुन्हा आहे.

नकाराची तीन मुळे

पहिले मूळ कृतीतच असते. ज्याला कायदा संरक्षण देत नाही अशा गोष्टीसाठी अर्ज केलेला असतो. निव्वळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो. नावावरही नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘कृषिका लुल्ला विरुद्ध श्याम विठ्ठलराव देवकट्टा’ या प्रकरणात हे स्पष्ट केले. देवकट्टा यांनी ‘देसी बॉइज’ या नावाने कथासार लिहून चित्रपट लेखकांच्या संघटनेकडे नोंदवले होते. पुढे त्याच नावाचा चित्रपट आला. केवळ शीर्षक ही कॉपीराइट असलेली कृती ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून नुसत्या नाटकाच्या नावासाठी किंवा ‘द्रौपदी वस्त्रहरणावर विनोदी नाटक’ अशा कल्पनेसाठी अर्ज केला तर तो टिकणार नाही. गंगाराम गवाणकरांचे मालवणीतले ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगमंचावर आले. महाभारतातला तो प्रसंग कोणीही घेऊ शकतो, पण गावच्या मंडळींच्या नाटकाची गवाणकरांनी बांधलेली गोष्ट, तिची पात्रे आणि तिचे संवाद ही त्यांचीच निर्मिती.

दशावताराची खास अडचण इथेच येते. कायद्यातल्या नाट्यकृतीच्या व्याख्येनुसार मूकनाट्य, नृत्यरचना किंवा पठण यांची मांडणी अथवा अभिनयरूप लेखी किंवा अन्य प्रकारे निश्चित झालेले हवे. रात्री रचलेला आणि पहाटे विरलेला संवाद रजिस्ट्रारपुढे ठेवता येत नाही. म्हणून मंडळाने आपले आख्यान आधी लिहून काढावे. पदे, प्रवेशांचा क्रम, ट्रिकसीनची आखणी असे सगळे उतरवून घ्यावे, तारीख घालावी आणि मग अर्ज करावा.

उत्स्फूर्त बोलणारा नट मात्र उघड्यावर पडत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात कलाकाराचा स्वतंत्र हक्क आला. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी यांचाही त्याच्या व्याख्येत समावेश आहे. सादरीकरणानंतर ५० वर्षे हा हक्क राहतो आणि त्याला नोंदणी लागत नाही. परवानगीशिवाय कोणी प्रयोग चित्रित करून विकला, तर दशावतारात संकासुराचे काम करणाऱ्या नटालाही दाद मागता येते.

लोककलेत नवी भर घालणाऱ्याला हक्क मिळतो का? दशावताराचे सख्खे नाते सांगणाऱ्या यक्षगानाबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉ. शिवराम कारंत यांनी पारंपरिक यक्षगानात संगीत, वेश आणि नृत्यरचना बदलून नवी मांडणी केली होती. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राने ज्यांच्याकडे हक्क आले त्यांनी मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेविरुद्ध उडुपीच्या न्यायालयात दावा लावला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्राने मिळालेला हक्क मान्य केला, पण शिक्षणसंस्थांचे आणि विनामूल्य प्रयोगांचे कायद्यातले अपवाद शाबूत ठेवले. लोककला सर्वांची असते, आणि तरीही तिच्यात एकाने घातलेली नवी भर त्याची असू शकते. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या चित्रकथीलाही हेच लागू पडते. जुन्या पोथीतले चित्र कोणा एकाच्या नावावर होणार नाही, परंतु आजच्या चित्रकाराने स्वतःच्या रेषेने रचलेला नवा प्रसंग त्याच्या नावावर होऊ शकतो.

दुसरे मूळ मालकीच्या कागदात असते. कसालच्या एखाद्या कोकम सरबत करणाऱ्या ताईंचे उदाहरण घेऊ. बाटलीवरचे लेबल त्यांनी बाजारातल्या डीटीपीवाल्याकडून करून घेतले आणि पैसे चुकते केले. त्यांना वाटते, लेबल माझे. पण डीटीपीवाला त्यांच्या नोकरीत नव्हता. त्याने स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम केले. अशा वेळी हक्क लेखी, सही केलेल्या कागदानेच हस्तांतरित होतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता हक्क मिळतो. हा कागद किंवा कलाकाराचे ना-हरकत पत्र नसेल, तर अर्ज अडतो. लेबलवर कोणाचा फोटो असेल, तर त्या व्यक्तीचीही संमती लागते.

तिसरे मूळ दोन कायद्यांच्या सीमेवर असते. आंब्याची पेटी, काजूचे पाकीट, कोकमाची बाटली यांवरचे चित्र मालासाठी वापरायचे असेल, तर त्याच्याशी तंतोतंत जुळणारे किंवा फसवे साम्य असलेले चिन्ह दुसऱ्याच्या नावे नोंदलेले नाही आणि तसा अर्जही नाही, असा ट्रेडमार्क रजिस्ट्रारचा दाखला जोडावा लागतो. तो नसेल तर कॉपीराइट रजिस्ट्रारला पुढे जाताच येत नाही. लेबलवरचे शब्द आणि ब्रँडचे नाव हा ट्रेडमार्कचा विषय, तर चित्ररचना हा कॉपीराइटचा. उत्पादनाचा आकार किंवा नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवण्याजोगी असेल, ती तशी नोंदवली नसेल आणि तिच्या ५० हून अधिक प्रती औद्योगिक प्रक्रियेने काढल्या असतील, तर कलम १५ प्रमाणे कॉपीराइट संपतो. कारागिराच्या हे लक्षात येईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

अपील कुठे आणि कधी?

कलम ७२ सांगते, की रजिस्ट्रारच्या अंतिम निर्णयाने ज्याचे नुकसान झाले त्याने आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत अपील करावे. पूर्वी हे अपील कॉपीराइट बोर्डाकडे जात असे. २०१७ मध्ये बोर्डाचे काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले. एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळही बरखास्त झाले आणि अपील थेट उच्च न्यायालयात आले. सुनावणी एकल न्यायाधीशांपुढे होते. त्यांच्या निर्णयाविरुद्ध आणखी तीन महिन्यांत त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते.

मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे पोस्टमन पाकीट घेऊन येईपर्यंत काही दिवस गेलेले असतात. मात्र आदेशाची प्रमाणित प्रत मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो. म्हणून नकार कळताच पहिले काम म्हणजे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करणे, आणि अर्ज केल्याची व प्रत मिळाल्याची तारीख जपून ठेवणे.

सिंधुदुर्गातल्या माणसासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गसह सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. पण कॉपीराइटच्या आदेशाचे एक वैशिष्ट्य आहे. आदेश दिल्लीत निघतो आणि कलमात नुसते ‘उच्च न्यायालय’ म्हटले आहे. त्यामुळे अपील कुठल्या उच्च न्यायालयात दाखल करायचे, हा मुद्दा वकिलाबरोबर पहिल्याच बैठकीत निकाली काढावा. चुकीच्या ठिकाणी गेलेले तीन महिने परत मिळत नाहीत.

अपिलात काय मांडायचे?

अपील म्हणजे नवा अर्ज नव्हे. रजिस्ट्रारपुढे जे होते त्यावर त्यांनी दिलेला निर्णय योग्य होता का, हे न्यायालय प्रामुख्याने पाहते. म्हणून अपिलाची खरी तयारी नकाराच्या आधी, त्रुटीपत्राला उत्तर देतानाच होते. तिथे एका ओळीत ‘माहिती बरोबर आहे, नोंदणी करावी’ असे लिहून मोकळा झालेला अर्जदार पुढे वकिलाच्या हाती रिकामी फाइल देतो. ज्याने प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर दिले, जुन्या मसुद्याच्या तारखा जोडल्या, पहिल्या प्रयोगाची जाहिरात लावली, परंपरेचा भाग आणि स्वतःचा भाग वेगळा दाखवला, त्याचे अपील निम्मे लिहून झालेले असते.

आदेश हाती आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. म्हणणे मांडायची संधी मिळाली का? नकाराची कारणे दिली आहेत का, की नुसतेच ‘समाधानकारक नाही’ असे म्हटले आहे? मी दिलेले कागद विचारात घेतले का? आणि कायद्याची कसोटी बरोबर लावली का? पहिल्या तीनपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवण्याची मागणी करता येते. सुनावणी न देता किंवा कारण न सांगता हक्काच्या बाबतीत विरुद्ध निर्णय देऊ नये, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे जुने तत्त्व आहे.

चौथा प्रश्न सगळ्यांत सखोल. समजा, ‘यात नवीन काही नाही’ असे म्हणून नकार आला. मग ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००७ चा निकाल कामी येतो. नुसते कष्ट पुरेसे नाहीत, पण अपूर्व प्रतिभाही लागत नाही. कौशल्य आणि निवड यांतून आलेली थोडी सर्जनशीलता पुरते, अशी मधली वाट त्यात आखली आहे. न्यायालयाच्या निकालपत्रांवर संपादकांनी केलेल्या काही कामाला या कसोटीवर संरक्षण मिळाले, काहीला मिळाले नाही. आख्यानातली नवी पदे, पात्रांची फेरमांडणी, प्रवेशांची गुंफण या कसोटीवर दाखवता येते. त्यासाठी ‘माझे नाटक अप्रतिम आहे’ हे पटवायचे नसून ‘ही निवड माझी आहे’ हे दाखवायचे असते.

पलीकडच्या देशात

अमेरिकेत रचना वेगळी आहे. तिथे नकार आला तर कार्यालयातच दोनदा फेरविचार मागता येतो, दुसऱ्यांदा तीन सदस्यांच्या मंडळाकडे, आणि त्यानंतर न्यायालय. तिथल्या एका गाजलेल्या नकारात भारतीय नाव आहे. अंकित सहानी यांनी स्वतः काढलेल्या सूर्यास्ताच्या छायाचित्रावर ‘राघव’ या संगणक-प्रणालीकडून व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’च्या शैलीतले चित्र तयार करून घेतले आणि त्याला ‘सूर्यास्त’ नाव दिले. भारतात २०२० मध्ये प्रणालीलाही सहलेखक दाखवून त्याची नोंद झाली होती, नंतर कार्यालयाने त्याबाबत नोटीस काढली. अमेरिकेच्या फेरविचार मंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये अंतिम नकार दिला. चित्रातली अभिव्यक्ती माणसाची नसून प्रणालीची आहे, हे त्याचे कारण होते. आज लेबल आणि पोस्टर प्रणालीकडून करून घेणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनीही, त्यात स्वतः नेमके काय केले याची नोंद ठेवायला हवी.

अपील की नवा अर्ज?

सगळ्याच नकारांवर अपील करू नये. दाखला जोडायचा राहिला, डीटीपीवाल्याचा कागद नव्हता, संहितेऐवजी नुसते कथासार पाठवले, अशा चुका असतील तर त्या दुरुस्त करून नवा अर्ज करावा. ५०० किंवा २,००० रुपयांत काम होते, आणि उच्च न्यायालयाचा खर्च व प्रवास वाचतो. नाव, कल्पना किंवा वापरातली वस्तू यासाठी अर्ज केला असेल, तर ट्रेडमार्क किंवा डिझाइनच्या कार्यालयाची वाट धरावी. पण कागद पूर्ण असताना, म्हणणे न ऐकता किंवा कायद्याचा चुकीचा अर्थ लावून नकार आला असेल, तर अपील करावेच. असा आदेश तसाच राहिला तर पुढच्या वादात समोरचा तोच काढून दाखवेल.

या सगळ्या काळात हक्क मात्र तुमच्याकडेच असतो. नोंदणी झाली नाही म्हणून कोणी तुमचे आख्यान उचलू शकत नाही, आणि उचललेच तर नोंदणीशिवायही दावा लावता येतो. गरज आहे ती पुराव्याची. म्हणून लोककलेत काम करणाऱ्यांनी आजपासून एक सवय लावून घ्यावी. नवे आख्यान बसले की ते लिहून काढावे, प्रत्येक पानावर तारीख आणि सही घालावी, कोणी काय रचले ते मंडळाच्या वहीत नोंदवावे, पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचा कागद त्याच दिवशी लिहून घ्यावा. नोंदणी, अपील, दावा यांपैकी कुठलीही वेळ आली तरी हेच कागद तुमच्या बाजूने बोलतील. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चाललेल्या कलेला लेखणीची एवढी साथ मिळाली, तर तिच्यात नवे रचणाऱ्यांना त्यांचे श्रेय आणि मोबदला दोन्ही मिळेल.